दुसरी कोरी ओळ

त्याच्यावर निघणाऱ्या स्मरणपुस्तिकेचा कच्चा मसुदा विभागप्रमुख बाईंनी माझ्याकडे ‘एकदा नजरेखालून घालावा’ म्हणून पाठवला. मी तो दोनदा घातला, आणि दोन्ही वेळा हातात तांबडी पेन्सिल होती. मसुद्यात सर्वांनी त्याचा उल्लेख ‘ते’ असा केला आहे. मी ‘तो’ म्हणणार आहे. ज्याच्याशी एकोणतीस वर्षे रोज भांडलो, तो वारला एवढ्याच कारणाने त्याला अहोजाहो करू लागणे मला लबाडीचे वाटते.

एकाने लिहिले आहे की ते मितभाषी होते. साफ खोटे. तो परळच्या आमच्या संगणक केंद्राच्या उपाहारगृहात बोलू लागला की जिन्यातल्या माणसाला त्याचे मत कळत असे. दुसऱ्याने लिहिले आहे की ते साधेपणाने खादी वापरत. तो टेरिलीन वापरत असे, आणि शर्टाचा खिसा पारदर्शक प्लास्टिकचा शिवून घेत असे, म्हणजे पेनात शाई किती उरली आहे ते पेन न काढता दिसावे. तिसऱ्याने, जो तेव्हा नोकरीलाही लागला नव्हता, असे छापायला दिले आहे की ती सुप्रसिद्ध फाइल त्यांनी एका बैठकीत, एकट्याने, कोणाच्याही मदतीविना सिद्ध केली. या वाक्याशी माझी पेन्सिल मोडली.

फाइलीविषयी सांगतो, कारण सगळा तंटा तिचाच आहे. आमच्या केंद्रातली यंत्रे कितीदा बदलली, पण आजही त्यांवर एक फाइल उघडली की पहिल्या ओळीत त्याची आद्याक्षरे आणि इंटरकॉमचा जुना क्रमांक उमटतो. तो इंटरकॉम केव्हाच भंगारात गेला. दुसरी ओळ कोरी असते. तिसऱ्या ओळीपासून आकडे सुरू होतात. कामावर येणारा प्रत्येक जण सकाळी प्रथम ती फाइल उघडतो. म्हणजे देवाच्या आधी त्याची आद्याक्षरे पाहतो. माझे नाव त्या फाइलीत नाही. त्यातला एकूण एक आकडा ज्याने मोजला, त्याचे नाव कोठेच नाही.

हे मी बाईंना फोनवर सांगितले. बाई हुशार आहेत, नायगावच्या चाळीत वाढलेल्या. मोठे नाव ऐकून दबत नाहीत आणि म्हातारा माणूस ऐकून विरघळत नाहीत.

“सर, तुमच्यावर अविश्वास नाही,” त्या म्हणाल्या. “पण अकरा जणांनी एक लिहिलंय आणि तुम्ही दुसरंच सांगताय. एखादा कागद आणा. त्या काळचा, कसलाही. मी मुखपृष्ठावर दोघांची नावं टाकते.”

“आणि कागद नसेल तर?”

“तर तुमचा लेख छापते, शेवटचा.”

शेवटचा. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर मला बारावा क्रमांक मिळत होता.

संगणकाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. संगणकाच्या यंत्रणेला एक गाभा असतो. त्याला आम्ही कर्नल म्हणतो. बाहेरच्या प्रोग्रामांना फाइल हवी असो वा स्मृतीचा तुकडा, ते त्या गाभ्याकडेच मागावे लागते, आणि कोणाला काय दिले याची नोंद गाभा आपल्या तक्त्यांत ठेवतो. आमच्या यंत्रात हे तक्ते ठरावीक लांबीचे होते. उघडलेल्या फाइलींच्या तक्त्यात जितके खण, तितक्याच फाइली एका वेळी उघडता येत. खण संपले की पुढचा प्रोग्राम दारातच अडत असे, आणि आपण का अडलो हे कळायला त्याला मार्ग नसे. कारण गाभ्याच्या आत डोकावण्याची बाहेरच्यांना मुभा नाही. ती सरसकट नसावीच, हे माझे मत आजही कायम आहे.

मुभा मला होती. गाभ्याच्या स्मृतीची पाने छापून घेऊन, ते अंकांचे रान तुडवून, कोणता तक्ता तुंबला आहे हे सांगू शकणारा त्या इमारतीत मी एकटा होतो. दुपारी तीनच्या सुमारास यंत्र अडे. पलीकडच्या खोलीतली एखादी ऑपरेटर मुलगी येऊन म्हणे, “सर, परत अडकलं. जरा बघता का?” मी चष्मा काढून पुसत असे. मग उठत असे. चष्मा पुसण्याची तशी गरज नसे, हे आता मान्य करायला हरकत नाही.

त्याला नेमके हेच खुपत असे.

त्याचे मोठे वेड म्हणजे भरलेपण. कोणी भेटले तर माणूस ‘काय, कसं काय’ म्हणतो, तो म्हणे, “काय, किती भरलंय?” हे तो बसच्या वाहकाला विचारी, दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारी, एकदा आमच्या मुख्यांना त्यांच्या तब्येतीविषयीही त्याने हेच विचारले. उपाहारगृहात शिरला की प्रथम चहाच्या पिंपावर बोटाने टकटक करी आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल देई, “बावीस कप. मागच्यांनी आशा ठेवू नका.” मसुद्यातल्या एका लेखकाला हे फार लोभस वाटले आहे. मी रांगेत तेविसावा असे.

त्याचे एक वाक्य होते, तेही सर्वांनी चुकीचे दिले आहे. ‘ज्ञान सर्वांसाठी खुले हवे’ असले काही तो कधी म्हणाला नाही. असे बोलणाऱ्यांची तो टिंगल करी. तो म्हणे, “विचारायला लागू नये.” बस एवढेच. आणि फारच रंगात आला तर पुढे जोडी, “विचारायला लागणं म्हणजे अर्धा अपमान.”

हे वेड त्याला गिरगावच्या फणसवाडीतल्या त्याच्या चाळीने लावले असावे. तिथे गच्चीवर पाण्याची टाकी. सकाळी पाणी आले की पंपाने वर चढायचे आणि ते संपेपर्यंत साऱ्या बिऱ्हाडांनी पुरवायचे. आत किती आहे हे ठाऊक असे फक्त वाडीच्या सेक्रेटरीला, कारण गच्चीची चावी त्याच्याकडे. बायका बादल्या घेऊन त्याच्या दाराशी उभ्या राहत. तो आधी पेपर वाचून संपवी.

याने काय केले, तर घट्ट झाकणाचा एक रिकामा डबा टाकीत तरंगत सोडला, त्याला दोरी बांधली, दोरी कप्पीवरून भिंतीच्या बाहेर आणली आणि टोकाला एक निकामी कुलूप लटकवले. भिंतीवर शेजारी पट्टी रंगवली. आत पाणी उतरे तसा डबा खाली जाई आणि बाहेर कुलूप वर चढे. म्हणजे पट्टी उलटी. शून्य सर्वांत वर. पाहुण्यांचा गोंधळ होई, वाडीतल्या पोरांचा होत नसे. सज्जात उभे राहून कोणालाही, कोणालाही न विचारता, टाकी किती भरली आहे ते दिसू लागले.

मी एका रविवारी त्याच्याकडे जेवायला गेलो असता हे पाहिले आणि तिथल्या तिथे सांगितले, “याने पाणी लवकर संपेल.”

“का?”

“आकडा उतरताना दिसला की सगळे धावतील. आजवर माहीत नव्हतं म्हणून निवांत होते.”

तसेच झाले. पहिल्याच आठवड्यात टाकी रोजच्यापेक्षा तासभर आधी कोरडी पडली. ही गोष्ट मसुद्यात कोणीही दिलेली नाही, कारण ती माझ्या बाजूची आहे. पुढचेही सांगतो, कारण मी अप्रामाणिक नाही. त्याने पट्टी पुसली नाही. तिच्याखाली एक पाटी टांगली आणि रोज तीवर खडूने लिहू लागला, पुढचं पाणी किती वाजता. मला म्हणाला, “कमी आहे म्हणून नाही रे धावत लोक. परत कधी भरणार ते माहीत नसतं म्हणून धावतात.” धावपळ बऱ्यापैकी थांबली. बऱ्यापैकी. पूर्ण थांबली नाही.

सेक्रेटरी मात्र त्या दिवसापासून त्याच्याशी बोलेनासा झाला. जिन्यात मला भेटला तेव्हा म्हणाला, “आता मला कोण विचारणार, सांगा?” मला त्या माणसाबद्दल फार सहानुभूती वाटली. एवढी का वाटावी, ते तेव्हा उमगले नाही.

पुढच्याच महिन्यात मुख्यांच्या खोलीत बैठक बसली. आमचे मुख्य गिरगावातलेच एक कॅथलिक गृहस्थ. मुंबईत त्यांच्या घराण्याची मुळे आम्हा कोकणातून आलेल्यांपेक्षा खोल, आणि मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. विषय होता यंत्राचे रोजचे अडणे. माझा प्रस्ताव टंकलिखित होता, सोळा पानांचा. गाभ्याला प्रश्न विचारण्याची एक खास सोय असावी. ती अधिकृत प्रोग्रामांनाच मिळावी. उत्तर आटोपशीर अंकसंकेतांत यावे आणि ते उलगडण्याचे काम जाणकाराने करावे. जाणकार कोण, हे मी लिहिले नव्हते. लिहायची गरज नव्हती.

त्याचा प्रस्ताव चहाच्या बशीखालच्या कागदावर होता. एक फाइल असल्याची बतावणी करायची. ती डिस्कवर नसेलच. कोणी वाचायला उघडली की त्या क्षणी गाभ्याने आपल्या तक्त्यांचे हिशेब साध्या अक्षरांत लिहून द्यायचे. तक्त्याचे नाव, एकूण खण, वापरात किती, आणि आजवर जास्तीत जास्त किती वापरले गेले. ज्याला वाचता येते त्याने वाचावे.

“आतलं सगळ्यांना कशाला दाखवायचं?” मी म्हणालो.

“सगळं नाही दाखवत. किती भरलंय तेवढंच.”

“त्या मुलींना काय कळणार आहे त्यातलं?”

“आकडा वाचायला काय कळायला लागतं?” तो म्हणाला. “अरे, दर वेळी तुझ्या टेबलाशी येऊन उभं का राहायचं त्यांनी? चष्मा पुसून होईपर्यंत?”

मुख्य हसले. त्याबद्दल मी त्यांना क्षमा केली आहे. मग त्यांनी निवाडा दिला. “दोघं भांडू नका बाबांनो. तू आत मोज, हा बाहेर दाखवील. आणि वर दोघांची नावं टाका, इंटरकॉमसकट. आकडा विचित्र दिसला तर कोणाला विचारायचं ते कळेल.”

दोघांची नावे. हे वाक्य त्या खोलीत उच्चारले गेले, तिथल्या तिघांपैकी दोघे आज नाहीत, आणि म्हणून अकरा लेखांत ते नाही.

मोजण्याचे काम मी चार दिवसांत केले. ते किरकोळ होते असे मसुद्यात एकाने सुचवले आहे. त्याने ते करून दाखवावे. खण दिला की एक वाढवा, परत आला की एक कमी करा, असे वाटते. पण खण मध्येच कोण टाकून पळाला, कोणाचा वाटा दुसऱ्याने उचलला, या साऱ्या वाटांवर पहारा ठेवायचा, आणि यंत्राचा वेग तसूभरही उतरू द्यायचा नाही. माझे काउंटर तेव्हापासून आजपर्यंत एका अंकानेही चुकलेले नाहीत. त्याने बाहेरची खिडकी केली. खिडकी छान होती. पण खिडकीतून जे दिसते ते कोणी मांडले, हे खिडकीची स्तुती करणारे विचारत नाहीत.

प्रात्यक्षिक सकाळी अकराला ठेवले. यंत्राच्या खोलीत मुख्य, आम्ही दोघे आणि ऑपरेटर मुली. त्या मुलींनी उत्साहाने आधीच आपले छोटे प्रोग्राम लिहून ठेवले होते: फाइल उघडायची, वरच्या दोन ओळी टाकून द्यायच्या, बाकीचे आकडे रोजच्या तक्त्यात छापायचे. त्याने एक चाचणीचा प्रोग्राम सोडून फाइलींचा तक्ता मुद्दाम गच्च भरला. मग मुख्यांकडे वळून म्हणाला, “आता बघा, कोणाला विचारायला नको.” आणि आपली फाइल उघडायची आज्ञा दिली.

पडद्यावर उत्तर आले: फाइल उघडता येत नाही, तक्त्यात जागा नाही.

त्याने पुन्हा आज्ञा दिली. तेच उत्तर. तक्ता भरला आहे हे सांगणारी फाइल ही शेवटी फाइलच होती. ती वाचायची तर तीही उघडायला हवी, आणि उघडायची तर त्याच तक्त्यात एक खण हवा. नेमकी जेव्हा गरज, तेव्हाच ती मुकी.

ऑपरेटरांपैकी एक लालबागची मुलगी होती, तोंडाची तिखट. ती म्हणाली, “म्हणजे सर, मांडवात किती गर्दी आहे ते सांगणाराच रांगेत अडकला.”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो. मी असेही म्हणालो की सोळा पानांचा प्रस्ताव कोणी वाचला असता तर ही शोभा झाली नसती. तो पडद्याकडे बघत राहिला, ओठ हलवत, जणू कसली तरी मोजणी चालली आहे. मी माझ्या टेबलाशी परतलो, एकदोन चिठ्ठ्या लिहिल्या, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दादरला घरी जाऊन, सांगायला हरकत नाही, फार चवीने जेवलो.

‘हा दोष त्यांनी आधीच हेरला होता,’ असे मसुद्यात दोन ठिकाणी आहे. हेरला नव्हता. मी त्याचा चेहरा पाहिला होता.

पण दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा सारे चालू होते. तो आदल्या दुपारी गिरगावात आपल्या नेहमीच्या खाणावळीत जेवायला गेला होता. तिथे कितीही गर्दी असली तरी कोपऱ्यातले एक स्टूल गिऱ्हाइकाला देत नसत, ते वाढप्याचे. “वाढप्यालाच जागा उरली नाही तर पंगत उठणार कशी?” तो मला सांगत होता, माझा हसलेला चेहरा जणू पाहिलाच नव्हता अशा उल्हासाने. यंत्र सुरू होतानाच त्याने तक्त्यातला एक खण बाजूला राखून ठेवला होता, फक्त त्या फाइलीच्या वाचकासाठी. तक्ता पुन्हा गच्च भरला, फाइल उघडली, आणि माझे आकडे एकाखाली एक उतरत आले. मी ते पडताळत असतानाच माझ्या लक्षात आले की वर पहिल्या ओळीत त्याची आद्याक्षरे आहेत आणि दुसरी ओळ कोरी आहे.

मी त्याविषयी विचारले नाही, आकडे तेवढे तपासले.

त्यानंतर ‘सर, जरा बघता का’ म्हणत कोणी आले नाही. चष्मा मी धूळ बसली की पुसू लागलो.

कोरी ओळ का, याची तीन उत्तरे केंद्रात प्रचलित आहेत. एक, वाचायला मोकळे वाटावे म्हणून. दोन, पहिली ओळ माणसाची, दुसरी देवाची, अशी त्यांची श्रद्धा होती. हे सांगणारा स्वतः दर मंगळवारी उपास करतो. तिसरे उत्तर माझे, आणि मी ते कामाला लागलेल्या प्रत्येक नवीन माणसाला आवर्जून सांगत आलो: ते गबाळेपण आहे. एक जादा ओळ चुकून पडली आणि त्याने काढली नाही. माझे नाव टाकायचे ठरले होते, ते टाकले नाही, आणि ज्याला दुसऱ्याचे नाव टाकवत नाही त्याला आपली चूकही पुसवत नाही. असे मी म्हणत असे. त्याच्या कानावर ते जात असणार. उपाहारगृहात आमची टेबले शेजारीच होती.

पुढे काही वर्षांनी विभाग माझ्या हाती आला आणि मी पहिला हुकूम दिला तो ती ओळ काढण्याचा. सकाळी काढली. जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळीकडून ओरड. साऱ्या विभागांचे प्रोग्राम डोळे मिटून वरच्या दोन ओळी टाकत होते; आता ओळ एकच उरल्यामुळे पहिल्या तक्त्याचा आकडाच टाकला जाऊ लागला. यंत्र भरत चालले तरी कोणाला दिसेना. ओळ परत घालावी लागली, माझ्याच सहीने.

तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. “दाखवलं ते दाखवलं रे,” म्हणाला. “लोकांनी त्याच्यावर संसार थाटले. आता मागे नाही घेता येत.”

“पण ती ओळ आहे कशाला?”

मी हे त्याला विचारले नव्हते. हातातल्या कागदाला उद्देशून म्हणालो होतो, आणि मान वर केली नव्हती.

“राहू दे ना. ज्याची असेल तो विचारील कधीतरी,” असे म्हणून तो चहाच्या पिंपाकडे गेला. ‘देवाची ओळ’वाल्यांना यातूनच खाद्य मिळाले असणार.

तर कागद. त्याचे कागद वहिनींकडे असणार हे उघड होते. मी तिथे जाण्याचे टाळत होतो. तो गेल्यावर भेटायला गेलो होतो तेवढाच. शेवटी मागच्या गुरुवारी गेलो. फणसवाडीतली ती चाळही आता पुनर्विकासाला निघाली आहे. निम्म्या बिऱ्हाडांच्या दारांवर कुलपे. टाकी बदलून प्लास्टिकची झाली, पण भिंतीवरची उलटी पट्टी पुसट का होईना शिल्लक आहे.

वहिनी मूळच्या लालबागच्या, मालवणी घरातल्या. “या भावजी. इतक्या दिसांनी वाट गावली?” म्हणाल्या आणि मी काय काम काढले आहे हे न विचारता चहा ठेवायला उठल्या. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर अजून कागदाची खुणा केलेली पट्टी होती. मी कामाचे सांगितले. त्यांनी माळ्याकडे बोट दाखवले.

“ह्यांचे कागद त्या पत्र्याच्या डब्यात आसत. उघडूचीसुद्धा गरज नाय. आत काय काय आसा ता भायर लिवलेला आसा.”

खरेच होते. झाकणावर त्याच्या बारीक अक्षरात यादी. टाकीचा नकाशा. खाणावळीचे स्टूल, माप. ऑपरेटर मुलींचे पहिले प्रोग्राम. सातव्या ओळीत माझे नाव होते, आणि पुढे: चिठ्ठी, एक.

मी ती चिठ्ठी काढली. तिला एक प्रिंटआउट टाचला होता, प्रात्यक्षिकाच्या सकाळचा, तक्ता गच्च भरण्याआधीचा. पहिल्या ओळीत त्याची आद्याक्षरे. दुसऱ्या ओळीत माझी, माझ्या इंटरकॉमसह. आणि त्या दुसऱ्या ओळीवर आरपार तांबड्या पेन्सिलीची रेघ, इतकी दाबून ओढलेली की कागद फाटला होता. अशी रेघ ओढणारा हात मला ओळखता येतो. चिठ्ठीवर लिहिले होते: ‘या फाइलीवर माझे नाव नको. ही रचना माझी नाही. आजच काढावे.’ खाली माझी सही.

त्याखाली त्याच्या अक्षरात: ‘नाव काढले. मुलींचे प्रोग्राम दोन ओळी टाकतात, म्हणून ओळ ठेवली. विचारील तेव्हा परत घालू.’

मला त्या चिठ्ठीची आठवण नव्हती. या वयात माणूस असे म्हणाला की लोक समजुतीने मान हलवतात. मला त्या समजुतीची गरज नाही. माझे स्मरण उत्तम आहे. त्या दुपारी काय जेवलो ते मला आठवते.

वहिनींनी चहा आणून ठेवला. माझ्या हातातला कागद त्यांनी ओळखला असावा.

“तुम्ही त्यांना कधी विचारलात नाय?” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“ते म्हणायचे, त्याका विचारूचा जड जाता. म्हणून मी ती ओळ सगळ्यांका दिसात अशी ठेवलंय.”

साऱ्या आयुष्यात, कोणाला काही विचारायला लागू नये म्हणून त्याने डब्यांना पट्ट्या चिकटवल्या, टाकीला दोरी बांधली, गाभ्याला खिडकी पाडली. एकच गोष्ट त्याने अशी ठेवली की ती विचारावी लागावी. आणि तीही लपवली नाही. रोज सकाळी साऱ्या केंद्राच्या डोळ्यांसमोर ठेवली. माझ्या नावाचे ते स्टूल तो हयातभर कोणाला देत नव्हता, आणि मी त्याला गबाळा म्हणत होतो, शेजारच्या टेबलावरून, ऐकू जाईल असे.

चहा मी पूर्ण प्यायलो. वहिनींनी कप उचलताना आत पाहिले; त्या घरात सर्वांनाच ती सवय आहे.

बाईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला. “सर, कागद मिळाला?”

“मिळाला.”

“मग टाकते दोन्ही नावं. पुस्तिका सोमवारी छापायला जाते.”

“थांबा,” मी म्हणालो. “आधी लेख पाठवतो. तो वाचा.”

तो हा लेख. सोबत चिठ्ठीची आणि प्रिंटआउटची प्रत जोडली आहे. बाईंना विनंती की मुखपृष्ठावर त्याचे एकट्याचे नाव छापावे आणि त्याखालची एक ओळ कोरी सोडावी. छापखान्याचे लोक ती चूक समजून भरून टाकतील किंवा वर ओढून घेतील. त्यांना तसे करू देऊ नये. यंत्रांवरच्या फाइलीतही आता काही घालू नये. विचारण्याची मुदत होती ती संपली. ती ओळ कोरी का, हे पुन्हा कोणाला विचारायला लागू नये म्हणून एवढे लिहिले.

आत मोजणारे काउंटर मात्र माझे होते. हे कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो.